ती ओळ मी लिहिली होती

"सर, ह्याच्यात मिरर हाय. बघितलाव का तुमी?"

सुवर्णाने खुर्ची अर्धी वळवून विचारलं. तिच्या स्क्रीनवर मी दिलेली स्क्रिप्ट उघडी होती. सकाळचे साडेअकरा वाजले होते. अकराला जायचं ठरलेलं नवीन व्हर्जन अजून गेलं नव्हतं. आमचे मालक शरणप्पा अण्णा तिकडे गंजात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, मिलवाल्यांसमोर बसले होते आणि दर दहा मिनिटांनी मला फोन करत होते, "काका, झालं का?"

"बघितलंय. चालव तू," मी म्हणालो.

मी बघितलेलं नव्हतं. सुवर्णाने आणखी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि एंटर दाबलं.

याला सात वर्षं झाली. या घटनेचा लेखी अहवाल मी तेव्हा कंपनीला दिला होता. तो खोटा आहे. खरं काय झालं ते इथे लिहितो. ते कळायला माझ्या कामाची थोडी माहिती लागेल, तीही देतो.

मी बीदरचा, मैलूर भागातला. पुण्यात पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि पंचावन्नाव्या वर्षी परत आलो. गुलबर्ग्याच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. कागदोपत्री आता कलबुर्गी, पण तोंडात गुलबर्गाच येतं. सोमवार ते शनिवार तिथे खोली करून राहायचो आणि रविवारी घरी यायचो.

कंपनीचं काम डाळ मिलमधल्या सॉर्टर मशीनचं. भरडून आलेली तुरीची डाळ या मशीनमधून पाण्याच्या धारेसारखी खाली पडते. कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात. काळा, डागी, साल राहिलेला दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. किती काळा झाला म्हणजे काळा म्हणायचा, हे मशीनला कुणीतरी सांगावं लागतं. त्या सांगण्याला सेटिंग म्हणतात.

आमच्या भागात हे सेटिंग पुस्तकात सापडत नाही. सेडमकडची तूर वेगळी, आळंदची वेगळी. पाऊस लांबला तर त्याच शेतातली तूर पुढच्या वर्षी वेगळी. प्रत्येक मिलमध्ये एक मिस्त्री असतो. तो मूठभर डाळ घेऊन दारात उजेडाला जातो, हातावर पसरून बघतो, परत येतो आणि एखादा आकडा दोनाने कमी करतो. असे शेकडो छोटे बदल साठत साठत त्या मिलचं सेटिंग तयार होतं.

हे बदल साठवायला मशीनशेजारी आम्ही एक लहान कॉम्प्युटर बसवायचो. ऑफिसात सगळे त्याला डबा म्हणायचे. डब्यात गिट नावाची व्हर्जन कंट्रोलची व्यवस्था होती. व्हर्जन कंट्रोल म्हणजे कुणी, कधी, काय बदललं याची अशी नोंदवही, की वाटेल तेव्हा मागच्या पानावर जाता येतं. प्रत्येक डब्यात दोन शाखा होत्या. एक आमची, सगळीकडे सारखी. दुसरीचं नाव आम्ही 'मिस्त्री' ठेवलं होतं. ती त्या त्या मिलची स्वतःची.

ऑफिसात माझ्याकडे एक मोठी नोंदवही होती, तिला प्रत्येक मिलचा डबा जोडलेला. अशा दूरच्या जोडलेल्या प्रतीला गिटमध्ये रिमोट म्हणतात. रिमोटकडून नोंदी आणणं म्हणजे फेच. त्याच्याकडे पाठवणं म्हणजे पुश. सर्वसाधारण प्रोग्रामरला एक रिमोट असतो, फार तर तीन. मी आलो तेव्हा आमच्याकडे बारा होते. मग साठ झाले, मग तीनशे. मी सांगतोय त्या डिसेंबरात सहाशे बारा होते, गुलबर्गा, बीदर आणि पलीकडे लातूर, उदगीरपर्यंत.

बारा रिमोट हाताने सांभाळता येतात. सहाशे बारा येत नाहीत. यादी मागितली तर स्क्रीन पळत सुटते. एका डब्याची लाइन अडकली तर तिच्या मागचे सगळे थांबून राहतात. नोंदींच्या नावांचीच संख्या हजारांत जाते आणि साधी कमांडसुद्धा जागेवर बसून राहते. मी सगळ्या रिमोटकडे फिरणारी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी कमांडची यादी, लिहिली, एकावेळी वीस-वीस रिमोट घेणारी. ती चांगली होती. मला तिचा अभिमान होता. इथे कुणाला तिच्यातलं फारसं कळत नव्हतं, याचाही थोडा असावा.

कळत होतं ते सुवर्णाला. ती बसवकल्याण तालुक्यातल्या मुडबीची, शेतकरी घरातली. बीदरला इंजिनीअरिंग करून आली होती. वय पंचवीसच्या आसपास. ती मिलमध्ये जाऊन मिस्त्रींच्या शेजारी तासन् तास बसायची. घटनेच्या वर्षभर आधी एकदा ती माझ्याकडे आली.

"सर, एक सांगू का? प्रत्येक रिमोटला दोन पत्ते देता येतेत. आनायचा येगळा, पाठवायचा येगळा."

"माहीत आहे."

"मग पाठवायच्या पत्त्यात मुद्दाम खोटंच कायतरी लिहून ठिवू. म्हंजी चुकून कुनी पुश केलं तरी जाईल कुठं? खरंच पाठवायचं आसंल तवाच पत्ता उघडायचा."

"इतक्या ठिकाणी उघडबंद कोण करत बसणार?"

"तेबी स्क्रिप्टच करंल की सर. तुमचीच."

मी हसलो आणि म्हणालो की इतक्या वर्षांत मला असल्या कुलपाची गरज पडली नाही. तिने वाद घातला नाही. आमच्या ऑफिसात वडीलधाऱ्याशी वाद घालत नसत, आणि सगळ्यांत वडीलधारा मी होतो. मालकसुद्धा मला काका म्हणायचे.

आता मिरर. पुशला मिरर हा शब्द जोडला की गिट समोरच्या प्रतीला तुमच्या प्रतीची हुबेहूब नक्कल बनवतं. तुमच्याकडे आहे ते सगळं तिकडे जातं. तुमच्याकडे जे नाही ते तिकडून पुसलं जातं. ऑक्टोबरात मी ऑफिसातल्या दुसऱ्या सर्व्हरवर राखीव प्रत तयार केली, तेव्हा मला हेच हवं होतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये तो शब्द मी घातला. डिसेंबरात नवीन व्हर्जन पाठवताना तीच स्क्रिप्ट घेतली. राखीव सर्व्हरचं नाव काढून सहाशे बारा मिल्सची यादी लावली. शब्द तसाच राहिला.

सुवर्णाने एंटर दाबल्यावर बारा मिनिटांनी पहिला फोन आला. हुमनाबादजवळच्या एका मिलमधून महबूब मिस्त्री बोलत होते. सॉर्टरवर त्यांच्याइतका तयार हात आमच्या यादीत दुसरा नव्हता.

"साब, मशीन पागल हो गई. अच्छा माल बाहर फेंकरी."

मी त्यांना मशीन थांबवायला सांगितलं. फोन ठेवला तर दुसरा वाजत होता. मग ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजू लागले. पाचशेहून जास्त डब्यांतली 'मिस्त्री' शाखा पुसली गेली होती. मशीन आमच्या सरसकट सेटिंगवर चालायला लागल्या होत्या. हंगामाचा पहिला माल आलेला, आणि चांगली डाळ कचऱ्यात उडत होती.

इथपर्यंत मी फार घाबरलो नव्हतो. कारण प्रत्येक मिलच्या नोंदींची प्रत फेच होऊन माझ्या मोठ्या वहीत होती. ती परत पाठवली की झालं. मी सुवर्णाला तसं सांगितलं. ती आधीच बसून एकेक प्रत तपासत होती.

"सर, ही मार्चची हाय," ती म्हणाली. "आन् ही त्याच्याबी आधीची."

"असं कसं? दर अमावास्येला फेच होतं की."

"होतंय म्हनून कोन सांगितलं?"

अमावास्येचं सांगतो. आमच्याकडे अमावास्येला गंज बंद असतो. मिल्सही बंद असतात. मशीनला कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि सुट्टी. मी विचार केला होता की मिल चालू असताना नोंदी ओढल्या तर डबा मंद होतो, मग बंदच्या दिवशी ओढाव्यात. म्हणून फेच अमावास्येला लावलं. पहिल्या बारा मिल्सना मी आदल्या दिवशी फोन करायचो, डबा तेवढा चालू ठेवा म्हणून. साठ मिल्सपर्यंत केलं. पुढे सोडून दिलं. आणि अमावास्येला पूजा झाली की बहुतेक मिलमध्ये मेन स्विचच खाली ओढतात. मशीन बंद, दिवे बंद, डबाही बंद. मी याच भागात जन्मलो, लहानपणापासून हे बघितलेलं. तरी सुचलं नाही.

मग स्क्रिप्टने आरडाओरडा का केला नाही? केला होता. बंद डब्याला लाइन लागली नाही की एरर येते. सहाशे रिमोट म्हटल्यावर रोजच कुठेतरी वीज नसते, त्यामुळे स्क्रीनभर एरर यायच्या. त्या बघून मला वैताग यायचा. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये एरर दाखवू नये अशी सोय केली होती. शेवटी एकच ओळ यायची, 'फेच पूर्ण.'

सुवर्णाने ती सोय काढली आणि फेच पुन्हा सोडलं. कुठल्या मिलची प्रत कधीपासून जुनी आहे ते स्क्रीनवर उतरत गेलं. शेवटी आकडा आला. दीडशेच्या आसपास मिल्सचं सेटिंग आमच्याकडे एकतर फार जुनं होतं किंवा नव्हतंच.

"डब्यात आसंल आजून," सुवर्णा उठत म्हणाली. "नाव पुसलंय, पानं आसतेत. मी जाते."

तिचं बरोबर होतं. गिटमध्ये शाखा पुसली तरी आतली पानं लगेच जात नाहीत. काही दिवस ती सुटी पडून असतात आणि शोधून काढता येतात. पण मिररने आणखी एक घाण केली होती. माझ्या मोठ्या वहीतल्या सगळ्या मिल्सच्या नोंदी प्रत्येक डब्यात कोंबल्या होत्या. डब्यांची मेमरी छोटी. ती भरली की डबा आपोआप साफसफाई करायचा, आणि सुटी पानं लगेच फेकून द्या असं सेटिंग मीच ठेवलं होतं, जागा वाचावी म्हणून.

पुढचे चार दिवस सुवर्णा लॅपटॉप घेऊन एसटी, जीप, मिळेल त्या गाडीने मिलमागून मिल फिरली. जिथे साफसफाई व्हायच्या आत पोचली तिथे पानं मिळाली. शंभरेक मिल्स तिने अशा वाचवल्या. पन्नासच्या आसपास गेल्या. महबूब मिस्त्रींची त्यात होती. पाच हंगामांचं सेटिंग, आणि त्यातले तीन हंगाम सुवर्णाने त्यांच्या शेजारी बसून नोंदवलेले. ते तिला फक्त एवढंच म्हणाले, "तेरे हाथ से हुआ ना? जा अब." हे तिने मला फोनवर सांगितलं. आवाज बसलेला होता. मी तिला म्हणालो, "तू आराम कर." दुसरं काही म्हणालो नाही.

त्या चार दिवसांत मी ऑफिसातच होतो. आणि मी एक गोष्ट केली.

व्हर्जन कंट्रोलमध्ये प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख बघता येते. ज्या कमांडने ते बघतात तिचं नावच 'ब्लेम' आहे. आमच्या स्क्रिप्ट्सचीही अशी एक वही होती. तिच्यात मिररच्या ओळीपुढे माझं नाव होतं, ऑक्टोबरच्या तारखेसह. मी त्या वहीचा सगळा इतिहास काढून टाकला. सगळ्या ओळी एका नव्या पानावर घेतल्या आणि नाव टाकलं 'ॲडमिन'. ते खातं ऑफिसात सगळे वापरायचे. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. दहा मिनिटं लागली. तीस वर्षं मी लोकांना शिकवत आलो की नोंद कधी पुसायची नाही, चुकीची असेल तर खाली नवी लिहायची.

शनिवारी दुपारी अण्णांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. अण्णा रागावलेले नव्हते, थकलेले होते. आठवडाभर मिलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यांनी.

"स्क्रिप्ट कोन चालिवलं?"

"मी चालिवले अण्णा," सुवर्णा म्हणाली.

"काकांना इचारलीस का आदी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "सरांनाच इचारा."

अण्णा माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "गडबड होती त्या दिवशी. नीट आठवत नाही."

तिची नजर हलली नाही. अण्णांनी पुढचं विचारलं, "ते तुमच्या गिटात दिसतंय म्हने, कोन काय लिहिलं ते. ही वळ कोन लिहिलं, बगा."

मी लॅपटॉप फिरवून दाखवला.

"ॲडमिन म्हंजी कोन?"

"सगळेच वापरतात, अण्णा."

सुवर्णा खुर्चीतून पुढे वाकली. एक ओळ, एक तारीख, दोन दिवसांपूर्वीची.

"सर, हिस्टरी कामून गेली?"

"साफ केली. फार झाली होती."

"कवा?"

"परवा."

"बरं," ती म्हणाली.

ती आणखी बोलेल असं मला वाटलं. अण्णा, सरांनीच चालव म्हटलं, एवढं एक वाक्य. तिने ते म्हटलं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण ती मला संधी देत होती, मी तिच्यावर ढकलत होतो, हे त्याच क्षणी मला कळत होतं. मी एकसष्ट वर्षांचा होतो. दरवर्षी कंत्राट वाढवून घेत होतो. काकांचं वय झालं, हे ऐकायची मला भीती होती. त्या भीतीपायी मी एका पोरीचं नाव दिलं.

अहवाल मी लिहिला. 'संबंधित कर्मचाऱ्याने पुरेशी खात्री न करता स्क्रिप्ट चालवली.' सोमवारी सुवर्णाला काढलं. त्याच अहवालात पुढे काय करावं याच्या शिफारशी होत्या. पाठवायचा पत्ता बंद ठेवावा. एरर लपवू नयेत. प्रत्येकाला वेगळं खातं द्यावं. पहिली शिफारस तिचीच, शब्दसुद्धा तिचे. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो तेव्हा अण्णांनी शाल घातली, हार घातला आणि भाषणात सांगितलं की त्या संकटात काकांनी कंपनी वाचवली.

काही महिन्यांपूर्वी मी बीदरहून गुलबर्ग्याला डोळे दाखवायला रेल्वेने चाललो होतो. समोर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण बसला होता, आमच्याच कंपनीचा. फोनवर कुणालातरी सांगत होता, "आरं बघून पुश कर बाबा. सुवर्णा करशील न्हाईतर."

मी त्याला विचारलं, सुवर्णा म्हणजे काय?

"ते व्हय काका? डेटा उडाला की सुवर्णा झाली म्हनतेत. आमच्या ट्रेनिंगमदीच सांगतेत. मिलवालेबी म्हनतेत."

"कोण होती ती?"

"काय म्हाईत. आसंल कोनतर येडी."

मी हुमनाबादलाच उतरलो. गुलबर्ग्याला गेलो नाही.

सुवर्णाचा पत्ता शोधायला आठवडा लागला. तिला त्यानंतर मिलच्या कामात कुणी उभं केलं नव्हतं. आता ती मन्नाएखेळ्ळीला असते. हायवेवर सेवा केंद्र चालवते. जमिनीची पहाणी म्हणजे सातबारासारखा उतारा, आधार, बसपास अशी कामं. मी गेलो तेव्हा काउंटरपुढे चारपाच माणसं होती. तिने मान वर केली, ओळखलं, आणि मान परत खाली घातली. माणसं गेल्यावर म्हणाली, "बोला सर. पहाणी काढायची का?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चालव मी म्हणालो होतो. ओळ माझी होती. इतिहास का पुसला.

"हे मला ठावं हाय सर. मलाच कामून सांगायलाव?"

"माफी मागायला आलोय."

"माफी घिऊन काय करू? फ्रेम करून लावू का हितं?" मग तिने प्रिंटरमधला कागद नीट केला. "माजी लेक शाळंत जाती. तिची मैत्रीन मिलवाल्याची. तिनं माज्या लेकीला इचारली, तुज्या आईच्या नावाची शिवी हाय का म्हनून. लेक घरी यून मला इचारली. तवा काय सांगू मी? गिट समजून सांगू?"



"अण्णांना सांगून सगळ्या मिल्सना मेल पाठवायला लावतो," मी म्हणालो.

ती पहिल्यांदा हसली. "मेल? मिलवाले मेल वाचतेत व्हय सर? जाऊन सांगा. तोंडानं सांगा. महबूबचाचांपासून सुरू करा. यादी तर तुमच्याकडं आसंलच."

आधी अण्णांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"काका, आता कामून उकरायलाव? लोकं तिचं नाव इसरलेत."

"अण्णा, लोक तिचं नाव रोज घेतात."

त्यांनी वाद घातला नाही. ट्रेनिंगमधून ते प्रकरण काढायला सांगितलं. माझ्या जुन्या अहवालाला माझी नवी सही केलेली दुरुस्ती जोडली. जुना अहवाल काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. तो तसाच राहू दे, त्याखाली हे लिहा. जाताना ते म्हणाले, "तिला परत बोलवू का?" मी फोन लावून दिला. ती नको म्हणाली. तिचं केंद्र बरं चाललंय.

महबूब मिस्त्री आता मिलमध्ये नुसते खुर्ची टाकून बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मशीन त्यांचा जावई बघतो. मी सांगत होतो तेव्हा ते माझ्याकडे न बघता डाळ पडते तिकडे बघत होते.

"हौ," ते म्हणाले. "तो बच्ची ने नई किया."

"नाही. मी सांगितलं म्हणून केलं."

"और आप सात साल कां थे साब?"

"घरीच होतो."

त्यांनी जावयाकडून फोन मागून घेतला आणि सुवर्णाला लावायला सांगितला. मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराच्या आतून मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं, "जाओ आप. बाकी मिलां भी हैं ना."

बाकी मिल्स आहेत. जुनी यादी घेतली. काही मिल्स बंद पडल्यात, काहींचे मालक बदललेत. मी आठवड्यातून दोन दिवस जातो, बसने, कधी रेल्वेने. मालक असेल तर मालकाला सांगतो, नसेल तर मिस्त्रीला. पाच मिनिटांचं काम असतं. काहीजण चहा देतात. काहींना घटनाच आठवत नाही, फक्त शब्द आठवतो. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं. एकाने मला हाकलून दिलं, त्याची मिल त्या गेलेल्या पन्नासमधली होती.

या धंद्यातल्या तरुणांसाठी कामाचं तेवढं लिहून ठेवतो. रिमोट कितीही असोत, पाठवायचा पत्ता बंद ठेवा. एररचा वैताग आला तर वैताग सहन करा, एरर लपवू नका. 'पूर्ण' असं स्क्रिप्टने म्हटलं तरी एखादी प्रत उघडून तारीख बघा. प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. आणि हाताखालच्या माणसाने "बघितलाव का" असं विचारलं तर उठून जाऊन बघा.

परवा चिंचोळीच्या एका मिलमध्ये होतो. तिथल्या मिस्त्रीने, तिशीच्या आतला असेल, सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी आता सुवर्णा झाली आसं म्हनायचं न्हाई?"

"नाही."

"मग काय म्हनायचं?"

"माझं नाव वसंत आहे. ते म्हणा."

त्याने तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. "वसंत झाला... न्हाई काका. बसत न्हाई तोंडात."

"बसेल," मी म्हणालो आणि यादीत त्या मिलपुढे खूण केली. त्रेचाळीस झाल्या. अजून पाचशेच्या वर आहेत.